डोंगरातला खडीमार्ग आणि रुळांची जुनी वाट: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर: नकाशावरची आखणी

ग्रॅव्हल सायकलसाठी (रुंद टायरची, कच्च्या रस्त्यांवर चालणारी सायकल) ६२ किमीचा वळसा आखायचा आहे. जिथून निघायचं तिथेच परत. २७ किमी बंद पडलेल्या रेल्वेची वाट, त्यात ५४० मीटरचा बोगदा. १४ किमी डोंगरमाथ्यावरचे कच्चे रस्ते, ९ किमी उभी वाट आणि १२ किमी दरीतला डांबरी रस्ता. सुरुवात १८० मीटर उंचीवर, बोगदा ५२० वर, सर्वांत उंच जागा ७०५. बोगद्याच्या एका बाजूला २१ किमी रेल्वेवाट सुरुवातीच्या दरीत उतरते, दुसऱ्या बाजूला ६ किमी उतरून ती ४३० वर डोंगररस्त्यांना मिळते.

बंद रेल्वे शोधताना ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावरचे तीन टॅग (खुणेचे शब्द) नीट वेगळे करावे लागतात. ‘डिसयूज्ड’ म्हणजे रूळ अजून जागेवर आहेत. ‘अबँडन्ड’ म्हणजे रूळ उचलले, पण भराव (रुळांसाठी घातलेला मातीचा बांध) आणि कटिंग (रुळांसाठी डोंगर कापून काढलेली खाच) जमिनीवर दिसतात. ‘रेझ्ड’ म्हणजे शेत, इमारत किंवा रस्त्याखाली सगळं गेलं. आपल्या कामाचा फक्त मधला. नकाशावर रेघ अखंड दिसते म्हणून वाट अखंड असते असं नाही. टॅग कुठे बदलतो ते आधी बघायचं.

एक खूण कायम उपयोगी पडते. रेल्वे कधीच काटकोनात वळत नाही. जुन्या रेल्वेवरून जाणारी सायकलवाट नकाशावर अचानक खटकन वळली, तर तिथे पूल गेलेला असतो किंवा जमीन विकली गेलेली असते. अशा पाच जागा निघाल्या. सर्वेक्षण तिथूनच सुरू करायचं, सोप्या पट्ट्यातून नाही. रूळ उचलल्यावर जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या मालकांकडे जातात, त्यामुळे परवानगी तुकड्यागणिक वेगळी. पाचही जागांची मालकी लेखी तपासल्याशिवाय जीपीएक्स फाइल (जीपीएस यंत्रात भरायचा मार्ग) कुणाला द्यायची नाही.

९ ऑक्टोबर: उंचीचे खोटे आकडे

मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरने एकूण चढ ११८० मीटर दाखवला. खरा ७९० च्या आसपास येतो.

कारण साधं आहे. ही सॉफ्टवेअरं उंची जमिनीच्या मॉडेलवरून घेतात. बरीचशी फुकट मॉडेलं फेब्रुवारी २००० मधल्या स्पेस शटलच्या रडार मोहिमेतून आली आहेत आणि त्यांतला एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. रेल्वेचं कटिंग तळाशी जेमतेम ५-६ मीटर रुंद. त्या चौकोनात तळ आणि दोन्ही काठ एकत्र मिसळतात. भरावाचं उलट होतं. मग प्रत्यक्षात सपाट असलेल्या वाटेवर दर शंभर मीटरला खोटी चढउतार उगवते. बोगद्यात तर कहर: सॉफ्टवेअर आपल्याला डोंगराच्या डोक्यावरून नेतं. ५४० मीटर बोगद्याने एकट्याने ७८ मीटर खोटा चढ घातला होता.

दुरुस्ती: बोगद्याच्या दोन्ही तोंडांची उंची पक्की करून मधले बिंदू सरळ रेषेत भरले. बाकी रेल्वेवाटेवर दर ५०० मीटरला एक पक्का बिंदू आणि मधे सरळ रेषा. डोंगररस्त्यांवर ही युक्ती चालत नाही, तिथे दाबमापकाचीच (हवेच्या दाबावरून मोजलेली) उंची घ्यायची. दाबमापकाचं एक ध्यानात असू द्यावं: समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ८ मीटर. दिवसभरात हवेचा दाब ३ हेक्टोपास्कलने घसरला तर २५ मीटरची चूक जागेवर उभं राहूनही होते. म्हणून सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूची उंची जुळवून फरक सगळ्या वाटेवर वाटायचा.

१४ ऑक्टोबर: रेल्वेवाटेची पाहणी

२१ किमीचा मोठा तुकडा: ३४० मीटरचा फरक, म्हणजे सरासरी १.६ टक्के. तीव्र पट्टा २ टक्के, ५० मीटरला १ मीटर. वाफेच्या इंजिनांच्या डोंगरी मार्गावर हे नेहमीचं प्रमाण. (सगळ्या जुन्या रेल्वे मवाळ असतात हा मात्र गैरसमज. इंग्लंडमधल्या १८३१ च्या क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेवर दोरखंडाने डबे ओढायचे उतार होते. मिडल्टनचा उतार सव्वाआठ मीटरला एक मीटर. आज तीच हाय पीक ट्रेल आहे आणि तिथे सायकलस्वार उतरून ढकलताना दिसतात.)

पृष्ठभाग तीन प्रकारचे सापडले.

पहिला: खडी काढून वर बारीक दगडभुकटी दाबलेली. उत्तम. टाच घासली तर ५ मिमीच्या आत खूण उमटते.

दुसरा: मूळ खडी तशीच. हे सर्वांत वाईट, आणि दिसायला सर्वांत निरुपद्रवी. रुळाखालची खडी ४० ते ६० मिमीची, मुद्दाम धारदार कोनांची असते, स्लीपरला धरून ठेवायला. ४० मिमीच्या टायरखाली तोच दगड कुशीवर सरकतो आणि पुढचं चाक आपल्या मनाने वळतं. वेग कमी केला तर आणखी वाईट. अशा पट्ट्यावर एक गिअर जड ठेवून, वजन मागे घेऊन, हँडल सैल धरून जावं लागतं. ६०० मीटर चालतं, ६ किमी नाही. आपल्याकडे असा पट्टा ११०० मीटरचा.

तिसरा: कटिंगमधला चिखल. त्याची वेगळी नोंद खाली आहे.

गवतात लपलेलं लोखंड तपासलं. रूळ उचलताना खिळे आणि फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट मागे राहतात आणि पावसाने वर येतात. हातगाडीला खाली चुंबकपट्टी लावून पहिले ८ किमी साफ केले. जुने स्लीपर भरावाच्या कडेला पडलेले आहेत. ते क्रिओसोट (लाकूड टिकवणारं विषारी डांबरी तेल) पाजलेले असतात. जाळायचे नाहीत, बाकडी करायची नाहीत. खरवडलेली काळी माती आणि राखही शेताकडे किंवा ओढ्याकडे टाकायची नाही, कारण जुन्या मार्गांवर तणनाशकं सढळ हाताने वापरली गेली आहेत.

१६ ऑक्टोबर: गेलेले पूल

पाच जागांपैकी तीन ठिकाणी गर्डर भंगारात गेले, दगडी खांब उभे. उरलेल्या दोन जागा म्हणजे कुंपण, तिथे पर्यायी वाट आधीच पडलेली आहे.

तिन्ही ओढ्यांवर साधारण १५ मीटर खाली उतरून परत चढावं लागतं. लोकांनी पाडलेल्या पायवाटा भरावाच्या कडेने सरळ खाली जातात: २५ ते ३० टक्के, सुटी माती. सायकल खांद्यावर घेऊनही धड उतरता येत नाही. ८ टक्क्यांनी उतरवायचं तर १५ मीटरसाठी १९० मीटर लांबी लागते, म्हणजे प्रत्येक काठावर तीन नागमोडी वळणं. वळणाची आतली त्रिज्या किमान ४ मीटर आणि वळणापुरता उतार ३ टक्क्यांच्या आत. वळणावरच उतार ठेवला की सगळे तिथेच ब्रेक दाबतात, मागचं चाक घसरून खोबण पाडतं आणि पुढच्या पावसात ती खोबण नाली होते.

भरावाच्या उतारात अशी वाट कापताना वरच्या बाजूची माती काढून खालच्या बाजूला टाकण्याचा मोह होतो. टाकलेली माती वर्षभरात खाली जाते. पूर्ण रुंदी कापूनच घ्यायची, टाकलेल्या मातीवर चाक येता कामा नये.

लाकडी पूल टिकवायचा ठरला तरी प्रश्न संपत नाहीत. कॅनडातल्या केटल व्हॅली रेल्वेच्या मायरा कॅन्यनमध्ये १८ पूल आहेत. २००३ च्या वणव्यात त्यातले १२ लाकडी पूल जळाले आणि वाट २००८ मध्ये पुन्हा पूर्ण झाली. आपल्या वाटेवर उरलेल्या एका छोट्या पुलावर फळ्या प्रवासाच्या दिशेने, उभ्या ठोकलेल्या आहेत. ३० मिमीची फट, त्यात टायर अडकायला पुरेशी. फळ्या आडव्या बसवायच्या, फट १० मिमीच्या आत, आणि ओलं लाकूड बर्फासारखं निसरडं होतं म्हणून वर खरखरीत पट्टी.

२१ ऑक्टोबर: दिशा कोणती?

यावर सर्वांत जास्त वाद. नेहमीचं मत असं: आधी रेल्वेवाटेने आरामात वर, मग डोंगर, मग उभ्या वाटेने झपकन खाली. कागदावर छान. पण ९ किमीत ५२५ मीटर उतरणारी, जागोजागी १३ टक्क्यांची सुटी वाट ४० किमीनंतर, थकलेल्या हातांनी उतरायची? पकड सुटते ती तिथेच.

उलट दिशेचा हिशेब मांडला. सायकल, स्वार, सामान मिळून ८५ किलो. १.६ टक्के उतारावर गुरुत्वाकर्षणाची ओढ सुमारे १३.३ न्यूटन. दाबलेल्या कोरड्या भुकटीवर टायरचा विरोध सुमारे १० न्यूटन. उरले ३.३. ते हवेच्या विरोधाशी बरोबरी साधतात ताशी १२-१३ किमीला. म्हणजे शेवटचे २१ किमी, ओढ्यांचे चढ आणि मूळ खडीचा पट्टा सोडला तर, पायडल न मारताही सायकल धावण्याच्या वेगाने घरी येते, जरा पाय लावला की २०-२२. वळणं मोठी, चुकायला फाटे नाहीत, अंधार पडला तरी दिव्यावर निभतं. दमलेल्या माणसासाठी याहून चांगला शेवट नाही.

मेख एकच. ओल्या, मऊ पृष्ठभागावर टायरचा विरोध १७ न्यूटनपर्यंत जातो, ओढ मात्र १३.३ च. सायकल उतारावर थांबते. म्हणजे या दिशेचा सगळा फायदा पाण्याच्या निचऱ्यावर टेकलेला आहे.

निर्णय: डांबरी रस्ता, उभा चढ, माथा, बोगदा, रेल्वेवाट. कटिंग दुरुस्त झाल्याशिवाय मार्ग खुला करायचा नाही.

२८ ऑक्टोबर: चढ आणि गिअर

१३ टक्क्यांचा ६०० मीटरचा पट्टा हा मार्गाचा खरा उंबरठा. १८० वॅट ताकद लावली तर वेग ताशी ५.५ किमी. पुढे ४० दाती, मागे सर्वांत मोठं ४२ असेल तर पायडलचे मिनिटाला ४४ फेरे. इतक्या मंद फेऱ्यांत प्रत्येक दाबाला धक्का बसतो आणि सुट्या खडीवर मागचं चाक फिरून जातं. पुढे ३० आणि मागे ४२ असेल तर ५८ फेरे, चाक धरून राहतं. पुढे एकच ४० दाती चक्र ठेवायचं असेल तर मागे ५१ हवं. ५३ फेरे मिळतात. मार्गाच्या माहितीत हे स्पष्ट लिहायचं, कारण ‘अवघड चढ’ म्हटल्याने कुणी गिअर बदलत नाही.

उभं राहून चढू नये. वजन मागच्या चाकावरून उठलं की पकड गेली. सीटच्या नाकावर सरकून, कोपर वाकवून, नजर ५ मीटर पुढे. वाटेच्या मधल्या गवताच्या पट्ट्यावर बहुतेक वेळा चाकोरीपेक्षा चांगली पकड मिळते.

५ नोव्हेंबर: टायर

४० मिमी ही या मार्गाची खालची मर्यादा, ४५ अधिक बरा. ८५ किलो एकूण वजन, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर), ४० मिमी: हवेचा दाब पुढे २८, मागे ३१ पीएसआय. ४५ मिमीला पुढे २५, मागे २८. आत ट्यूब असेल तर दोन्हीकडे ५ ने वाढवायचं, नाहीतर खडीवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. डांबरी १२ किमीसाठी हवा वाढवण्याची गरज नाही. वाचणारा वेळ नगण्य आहे.

सीलंट (टायरमधलं भोक आतून बुजवणारा द्रव) ४० मिमीला ६० ते ७५ मिलि. ते सुकतं; उष्ण कोरड्या हवेत दोन महिन्यांतही. मूळ खडीच्या पट्ट्यावर टायरचा तळ नाही, कुशी फाटते. तिथे सीलंट कामाचं नाही आणि भोकात खुपसायचा प्लगही धड बसत नाही. आतून लावायचा टायर बूट (फाटलेल्या जागेचं ठिगळ), एक ट्यूब, डेरेलर हँगर (मागचा गिअर सांगाड्याला धरणारा तुकडा), चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) एवढं सोबत हवं. हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही. दगडभुकटी ओली झाली की तिची लेई होते आणि ब्रेक पॅड खाते. पावसाळी दिवसासाठी मऊ रेझिन पॅडपेक्षा धातुमिश्रित पॅड टिकतात, आवाज मात्र करतात.

१२ नोव्हेंबर: कटिंगमधला चिखल, कारण

१४० मीटरचा पट्टा, वर्षातले कित्येक महिने ओला. वरून खडी टाकायची सूचना पुन्हा पुन्हा येते. ती निरुपयोगी आहे.

खोदून पाहिलं. वर १०० मिमी पालापाचोळ्याचं काळं खत, खाली मूळ खडी, पण तिच्या फटी मातीने गच्च, त्याखाली चिकणमाती. कटिंग म्हणजे दोन्ही उतारांचं पाणी गोळा करणारी पन्हळ. रेल्वे चालू होती तेव्हा दोन्ही बाजूंच्या नाल्या दरवर्षी साफ होत. ते थांबलं, नाल्या बुजल्या, पाणी वाटेवर आलं. खालची मोरीही शोधून काढली: तोंड दोन तृतीयांश भरलेलं. चाकांच्या दाबाने चिकणमाती पंपासारखी वर येते, त्यामुळे वर टाकलेली प्रत्येक खडी ती गिळत जाते.

१९ नोव्हेंबर: कटिंगची दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा, आणि तो खालच्या टोकाकडून.

आधी मोरी मोकळी. मग दोन्ही बाजूंच्या नाल्या, तयार पृष्ठभागापासून ३०० मिमी खोल, मोरीकडे १ टक्का उतार. इथेच थांबलो आणि आठवडाभर पाणी वाहू दिलं. ओल्या तळावर रोलर फिरवला की चिखल फक्त मळला जातो.

आता काळं खत पूर्ण काढायचं. मातीने गच्च खडीही काढायची. तळावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), जोड ५०० मिमी एकावर एक. त्यावर ४० मिमी दगडाचा १५० मिमी थर. त्यावर १० ते २० मिमी खडीचा पातळ हात, फक्त फटी बुजवण्यापुरता. हा थर वगळला तर वरची भुकटी पहिल्या पावसात फटींतून खाली गळते आणि वर पुन्हा उघडे दगड राहतात. सर्वांत वर ६ मिमी आणि त्याखालची, बारीक धूळ असलेली दगडभुकटी, दाबून ७५ मिमी. धुतलेली भुकटी घ्यायची नाही. धूळच सगळं बांधून धरते.

२.५ मीटर रुंदीचा हिशेब: खालचा थर ५२.५ घनमीटर दाबलेला, वरचा २६. सुटा माल ३० टक्के जास्त मागवायचा, म्हणजे ६८ आणि ३४ घनमीटर. सुट्या मालाचं वजन घनमीटरला सुमारे १.६ टन धरलं तर १०९ आणि ५४ टन. अरुंद कटिंगमध्ये मोठा डंपर वळत नाही, त्यामुळे टोकाशी ढीग आणि तिथून लहान ट्रॉली. माल लांबच्या टोकापासून टाकत मागे यायचं, म्हणजे ट्रॉली नव्या थरावरून जात नाही.

भुकटीची ओल मुठीत बघायची: दाबल्यावर गोळा राहावा, पण हात ओला होऊ नये. कोरडी दाबली तर वरची पापडी बसते, आतून सुटीच. मध्याकडून दोन्ही कडांना ३ टक्के ढाळ.

२६ नोव्हेंबर: बोगदा

५४० मीटर, किंचित वक्र, त्यामुळे मधे दोन्ही तोंडं दिसत नाहीत. ३०० ल्युमेनचा दिवा सक्तीचा, मागे लाल. उन्हातून आत शिरल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही. तोंडापाशी ‘दिवा लावा, काळा चष्मा काढा’ अशी पाटी. भिंतीतले कोनाडे पूर्वी रेल्वे कामगारांना गाडी येताना आडोसा म्हणून होते. आता समोरून येणाऱ्याला वाट देण्यासाठी पांढऱ्या रंगाने दाखवले.

छताची गळती बंद करायच्या फंदात पडायचं नाही. अस्तरामागे पाणी अडकलं की दाब वाढून विटा सुटतात. ठिबकणाऱ्या जागी खाली उथळ पन्हळ काढून पाणी बाजूला नेलं. थंड प्रदेशात हेच पाणी गोठून अस्तर फोडतं. अमेरिकेतल्या ग्रेट अलेगेनी पॅसेजवरचा बिग सॅव्हेज बोगदा म्हणूनच हिवाळ्यात दारं लावून बंद ठेवतात. वटवाघळांची वस्ती असेल तर काम कोणत्या महिन्यांत करायचं ते आधी विचारून घ्यावं.

आत जीपीएस जातं. यंत्र वेग शून्य समजून नोंद थांबवतं आणि बाहेर आल्यावर चुकीचं वळण ओरडतं. चाकाचा सेन्सर असेल तर ही अडचण येत नाही. ४० मिमी टायरचा परीघ तक्त्यात सुमारे २२०० मिमी मिळतो, पण स्वार बसल्यावर टायर दबतो. खडूची खूण करून एक फेरा मोजलेला बरा.

३ डिसेंबर: फाटकं, पाट्या, फाइल

रेल्वेवाट रस्त्याला मिळते तिथे मोटारी अडवायला खांब आहेत. दोन खांबांमधलं अंतर ९०० मिमी. बाहेर पसरणारं ग्रॅव्हल हँडल खाली ५०० मिमीपर्यंत रुंद असतं, सामानाच्या पिशव्या धरून त्याहून जास्त. १.५ मीटर अंतर हवं. खांब उतारावर, वळणाच्या लगेच पुढे नको, आधी २० मीटर सरळ वाट दिसली पाहिजे.

फाइलमध्ये वळणांच्या सूचना फक्त जिथे चूक होऊ शकते तिथेच. २१ किमी रेल्वेवाटेवर चार पुरेत: तीन ओढे आणि ११०० मीटर मूळ खडीची सुरुवात. ओढ्याची सूचना २०० मीटर आधी, कारण भरावाच्या टोकाला वाट हवेत संपते. तिथे १.४ मीटरचं कठडं बसवलं, परावर्तक पट्टीसह.

१० डिसेंबर: पावसानंतरची तपासणी

दोन दिवसांच्या पावसानंतर घरंगळ चाचणी. ताशी ५ किमीने सायकल सोडायची, पायडल नाही, वेग कुठे स्थिरावतो ते बघायचं. चांगल्या भुकटीवर ११ ते १२. दुरुस्त कटिंगमध्ये ९. नवी भुकटी अजून बसायची आहे, हिवाळाभर चाकं फिरली की सुधारेल. नाल्या वाहत होत्या, वाटेवर पाणी नव्हतं.

दुसऱ्या ओढ्याच्या वरच्या वळणावर मात्र पाणी वाटेने धावलं आणि ४० मिमी खोल चर पडली. वळणाच्या ६ मीटर आधी आडवी उथळ पन्हळ, कडेकडे ३० अंश तिरकी ठेवून, दगडाने बांधून घ्यायची. लाकडी आडपट्टी नको, ओल्या दिवशी पुढचं चाक तिच्यावर तिरकं गेलं की घसरतं.

बाकी कामं: ११०० मीटर मूळ खडी रोलरने दाबून वर १० ते २० मिमीचा हात आणि भुकटी, दोन खांब सरकवणं, कुंपणाजवळच्या दुसऱ्या जागेची लेखी परवानगी. ती येईपर्यंत फाइलमध्ये तिथे रस्त्याने वळसा, १.८ किमी जास्त.